खळ्यावरची हॉकी

पुढे मी राज्याकडून पुष्कळ वर्षं खेळले, मखमली गवतावर मिरवले. पण शिकले कुठं म्हणाल, तर मंठ्याजवळच्या आमच्या खळ्यावर! शाळेच्या मैदानात दगडच फार, म्हणून आमचा सारा संघ खळ्यावर यायचा. खळ्याची जमीन मात्र ज्वारीच्या मळणीसाठी शेणानं सारवलेली, टणक, गुळगुळीत. चेंडू असा सरसर पळायचा की बैलसुद्धा मान वळवून बघायचे. मधोमध मळणीचा खांब. त्याला हुलकावण्या देता देताच मी फॉरवर्ड झाले.

अट एकच, खळ्यावर पायताण चालणार नाही. धान्याची जागा ती. खेळाचे सर एकदा बुटासकट आत शिरले, तर वडील बांधावरून गरजले, "ओ गुरुजी! लक्ष्मीच्या अंगावर बूट घेऊन कुठं निघाले?" तेव्हापासून सर अनवाणीच शिट्टी फुंकायचे.

नववीत असताना जालन्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. निघताना वडिलांनी बजावलं, "निवड झाली तर खेळ. न्हाई झाली, तर मंग बिलकुल बंद."

मैदानाच्या पांढऱ्या रेघेपाशी आले आणि काय झालं कोण जाणे, वाकून नवेकोरे बूट काढले, माती कपाळाला लावली आणि आत गेले. मागून आमच्या साऱ्या मुलींनी तेच केलं. रेघेवर बुटांची ही रांग! समोरच्या मुली काठ्यांवर रेलून हसत सुटल्या.

निवड करणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, इथं काय सत्यनारायण आहे?"

"बूट घाला, जल्दी!" सर खेकसले. त्यांचे स्वतःचे बूट त्यांच्या काखेत होते.

घातले. आणि झालं! पाय जणू दुसऱ्याचेच. चेंडू डावीकडे, मी उजवीकडे. मध्यंतराला बाईंपुढे जाऊन उभी राहिले.

"बाई, काढू का?"

"काटा रुतला तर?"

"रोज कापसाच्या पऱ्हाटीतून चालतो आम्ही."

बाईंनी हसून मान हलवली. मग काय विचारता! दोन गोल केले, तिसरा बाईंच्या खुर्चीखाली गेला.

"घेतलं तुला," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या सामन्यांत बुटाशिवाय कुणी उभं करणार नाही. महिनाभरात बुटात पळून दाखव, नाहीतर यादीतून नाव काढीन."

घरी सगळं सांगितलं. सकाळी पाहते तर वडील बैलांमागं फळी जोडून रिकाम्या वावराचा तुकडा सपाट करत होते.

आई दारातून म्हणाली, "पोरीच्या खेळापायी वावर घालवून राह्यले का?"

"निवड झाली न्हाई का तिची? खळ्यावर बूट चालत न्हाईत, मंग बुटात पळंल कुठं?" वडील म्हणाले. "बघत काय उभी? पाणी शिंपड!"