मांडव कमी पडते

यवतमाळात आंतरराष्ट्रीय कुस्त्यांची दंगल ठरली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आंतरराष्ट्रीय म्हणजे एक इराणी पैलवान आणि त्याचा सोबती. पण गर्दी मोठी होणार म्हणून फौजदारसाहेबांची झोप उडाली होती. पाहुण्यांना पोलिसांची योजना समजावून सांगायला त्यांना इंग्रजी येणारा मुलगा हवा होता. प्राचार्यांनी मला पाठवलं. का, ते अजून नीट कळलेलं नाही. बहुधा मी नाही म्हणणार नाही म्हणून.

आमच्या तांड्यावरून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी माझ्या बाला निरोप गेला, तसा त्याचाही निरोप आला, "तुले इंग्रजी बोलताना पाहतो. नाई जमलं तं घरी चाल. वावरात माणूस पायजे."

मी वाक्यं पाठ केली. दंगलीच्या सकाळी डाक बंगल्यात साहेबांनी नकाशा पसरला. माझं पहिलंच वाक्य ऐकून पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना इंग्रजी येतच नव्हतं. मग साहेब स्वतःच नकाशावर बोट आपटत मोठ्यानं सांगू लागले, "इथं बंदोबस्त! फाटकावर बंदोबस्त! आखाड्याभोवती पक्का बंदोबस्त!"

पैलवान लालबुंद झाला. उठला आणि पेटी भरू लागला.

उर्दू शाळेचे मौलवीसाहेब फारसी जाणत. त्यांना टांग्यातून आणलं. पैलवानाचं ऐकता ऐकता ते हसत सुटले. "फौजदारसाहेब, यांच्या जबानीत बंदोबस्त म्हणजे आतून साटंलोटं. यांना वाटलं, कुस्तीचा निकाल आधीच ठरला, अन् तुम्ही तो नकाशावर दाखवून राह्यले!"

पैलवानाची समजूत पटली खरी, पण तो शब्द कानावर पडला की त्याच्या भुवया चढत. तो आखाड्यात उतरला नाही तर लोक मैदान खणून काढतील, या धास्तीनं साहेबांनी हुकूम दिला, "आजचा दिवस बंदोबस्ताला मांडव म्हणायचं. अन् कॉलेजवाले, हे प्रत्येक शिपायाला सांगणं तुझ्याकडे."

दुपारी मैदानभर आरोळ्या सुरू झाल्या.

"पूर्वेकडे मांडव कमी पडते!"

"मांडव सोडून चहा प्यायले कोण गेलं बे?"

लोक एकमेकांना विचारत होते, लग्न कोणाचं हाय?

मी फाटकावर असताना बा आला आणि लांबच उभा राहिला. खाकी दिसली की तो वाट बदलायचा. त्याच्या तरुणपणी पोलीस उगाचच तांड्यावर येत. तेवढ्यात एक मिशाळ जमादार धावत माझ्यापाशी आला. "साहेब, बं... बं... आता काय म्हनाचं होतं?"

"मांडव."

"हां, मांडव!" तो घाम पुसत गेला.

बा हळूच जवळ आला. "इंग्रजी कवा बोलशीन?"

"आज नाई जमत, बा. त्या पैलवानालेच येत नाई."

बानं जमादाराच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. "राहू दे. शीक तू," तो म्हणाला. "पण पोलिसायले इतकं भेव नको दाखवू."

मग तो स्वतःच पुढे झाला. "काहो जमादार, इथं बसलो तं चालीन ना?"