बेटावरची गोधडी

भूत, करणी, अंगात येणं... हे मी कधी मानलं नाही. गावात कोणी घुमायले लागलं की मी सांगत होतो, दोन बादल्या गार पाणी ओता, उतरते. आजही तेच सांगतो. तरी हे लिहून राह्यलो, काहून की डोक्यातून जात नाही. चौथी शिकलेला माणूस हाय, बोलतो तसंच लिहिलं हाय.

माझी बायको सुभद्रा. तिचं माहेर दिग्रसजवळच्या धरणात गेलं. पूर्ण गाव बुडालं, उरली गावामागची टेकडी. चहूकडून पाणी, वर चार सिंदीची झाडं अन् एक जुनी चिंच. लोक त्याले बेट म्हणतात. त्या चिंचेखाली ती लहानपणी खेळे. दरवर्षी म्हणे, "एकडाव तिथं घेऊन चाला नं मले." मी म्हणो, "पाण्यात काय पाह्यतं? मासोळ्या?" मंग म्हणो, कापूस निघू दे. कापूस निघे, हरभरा ये... गेलोच नाही. एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती वारली. पोटाचं दुखणं होतं.

त्या साली कापसावर लाल्या आला होता. पऱ्हाट्या लाल पडल्या, दोन वेच्यात वावर खाली. दिवाळीनंतर हाताले कामच नाही. एक दिवस सहज दिग्रसले गेलतो, तं माझा साळा महादेव भेटला. सुभद्रेचा लहान भाऊ, जिनिंगमध्ये फिटर. कापूसच नाही म्हणून जिनिंगही बंद. चहा पिता पिता म्हणे,

"भाऊजी, बेटावर जाऊ का?"

"कधी?"

"आत्ता. का पाण्याले भेता?"

"तुह्या बापाले भेलो नाही, पाण्याले काय भेतो!"

झालं. वांगे घेतले, घरून त्यानं भाकरी बांधून आणल्या. ओळखीच्या एका भोयानं डोंग्यातून सोडून दिलं, सकाळी न्यायले येतो म्हणाला. पांघरायले दोघांपाशी एक-एक दुपट्टा. मी काहून गेलो ते कोणाले बोललो नव्हतो, इथं सांगतो. मले तिची माफी मागायची होती. तिथं मागितली तं तिले ऐकू जाईन, असं वाटलं. न मानणारा माणूस, पण वाटलं.

चिंचेखाली चुलीचे तीन दगड मांडलेले. आतून काळे.

"इथं कोण राह्यलं रे?"

महादेव वांगे भाजत होता. वर न पाह्यता बोलला, "सुभद्राबाईनं मांडली ती चूल. मागच्या माघात. मीच आणलं होतं तिले. एक रात्र राह्यलो."

"माघात तं ती पुसदले गेलती. भाचीच्या लग्नाले."

"लग्न नव्हतं, भाऊजी."

"अन् लग्नाचा म्हणून बुंदीचा लाडू आणला तो?"

"दिग्रसच्या हॉटेलातला."

तो लाडू मी खाल्ला होता. चांगला हाय म्हटलं होतं वर. तिची पिशवी घेऊन एस.टी.पर्यंत मीच गेलतो, खिडकीची जागा मीच धरून देल्ली. चाळीस वर्षं एका घरात... माझ्या शर्टाचं बटन तुटलं तरी तिले माझ्याआधी समजे. अन् हे दोघं बहीणभाऊ माझ्या पाठीमागं!

"मले काहून नाही सांगितलं?"

"बाई म्हणे, तुमी हसान."

मी भाकरी तशीच ठेवली. पाठ फिरवून झोपलो. माफीबिफी डोक्यातून गेली. उलट तिलेच विचारायचं होतं, मी तुहा कोण होतो?

थंडीनं जाग आली. चुलीतला आर विझत आलता, चांदणं होतं. महादेव गाढ झोपला होता अन् त्याच्या अंगावर गोधडी.

आमच्या घरची गोधडी! माझी जुनी धोतरं अन् तिच्या मायची लुगडी घालून सुभद्रेनं शिवलेली, कोपऱ्यात हिरवं ठिगळ. ती गेल्यावर मी ती टिनाच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं. चाबी माझ्या करदोड्यात. हात लावून पाह्यला. टाके बोटाले लागले, गोधडी गरम होती. दात वाजत होते माह्ये, म्हणून एक कोपरा ओढला... आला नाही. पुन्हा ओढला. दुसऱ्या बाजूनं कोणी दाबून धरावं तशी ती जागची हलली नाही. तिकडं कोणीच नव्हतं. मी "सुभद्रे" म्हणून हाक मारली. नुसतं पाणी वाजत होतं.

मंग मी आराजवळ उकिडवा बसून राह्यलो. पहाटे डोळा लागला असन. उघडला तं गोधडी नाही.

महादेव उठला, आळस देत म्हणे, "रात्री तुमी पांघरलं नं मले? लय ऊब आली. मले वाटलं तुमी रागावले."

"हो," म्हटलं. काहून खोटं बोललो, मलेच माहीत नाही. कदाचित पांघरणारी ती होती, हे त्याले कळू द्यायचं नव्हतं. आता त्यानं हे वाचलं तं वाचो.

घरी आलो. पेटीले कुलूप तसंच. उघडली. गोधडीची घडी मी केलती तशीच. फक्त एक काठ ओला, त्याले काळा गाळ अन् दोन-चार गोखरूचे काटे चिकटलेले. धुराचा वास.

डॉक्टर म्हणाले, दुःखात माणसाले असं दिसते. दिसलं असन. पण गोखरू कुठून आले?

पुढच्या माघात एकटाच गेलो. मुद्दाम पांघरूण न नेता, अंगावरच्या कपड्यानिशी. रात्रभर जागलो, माफीही मागितली, मोठ्यानं. काही झालं नाही. घरी येऊन पेटी उघडली, गोधडी कोरडी ठणठणीत.

महादेवनं तिले बेट दाखवलं, मी नाही दाखवलं, हे मान्य हाय. पण त्या रात्री थंडी मलेही वाजत होती.