पावागडच्या डाव्या वळणावरची गाडी

नोकरीत शेकडो अपघातांचे पंचनामे केले. बहुतेक विसरलो. पावागडच्या घाटातला एक मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

मी तेव्हा गडाच्या पायथ्याशी असलेल्या ठाण्यात फौजदार होतो. घर बडोद्यात. पुढच्या चाकांच्या ओढीने चालणाऱ्या छोट्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. अशीच एक गाडी माचीवरून उतरताना डाव्या वळणावर वळलीच नाही. समोरच्या बाजूला गेली आणि तिने वर येणाऱ्या मोटारसायकलवाल्या तरुणाला उडवलं. त्याची मांडी मोडली होती. गाडीत बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब होतं, शाळेत शिकवणाऱ्या चाळिशीतल्या बाई आणि त्यांचे वृद्ध सासरे नाना. सासऱ्यांचं डोकं आपटून ते बेशुद्ध पडले होते. बाईंनी तरुणाचा पाय ओढणीने आणि काठीने बांधला, येणारी जीप थांबवली आणि दोघांनाही बडोद्याच्या इस्पितळात पोचवलं. मग स्वतः ठाण्यात येऊन जबाब दिला, "गाडी मी चालवत होते. ब्रेक लागले नाहीत."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "साहेब, गाडी बेन नहोतां चलावतां. ए तो डाबी बाजूएथी ऊतर्यां." गाडी बाई चालवत नव्हत्या, त्या डाव्या दाराने उतरल्या, म्हणजे शेजारी बसल्या होत्या. नाव विचारताच फोन ठेवला गेला. निनावी फोनवर केस उभी राहत नाही. पण गाडी तपासणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकांनीही ब्रेक ठीक असल्याचं कळवलं. रस्त्यावर पुढच्या चाकांच्या दोन जाड काळ्या रेघा होत्या, वळणाच्या मधोमध सुरू होऊन नाकासमोर गेलेल्या.

मी बाईंना बोलावलं. तासभर विचारलं. आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. त्या एकच सांगत राहिल्या, "मीच चालवत होते, साहेब." इतकं शांतपणे खोटं बोलणारं माणूस मी क्वचितच पाहिलं होतं.

शेवटी तशीच दुसरी गाडी मागवली. मागे जमादार आणि दोन पंच, पुढे मी. म्हटलं, "बाई, त्या दिवशी चालवलीत तशीच चालवा."

त्या माचीपर्यंत गेल्या आणि उतरू लागल्या. तोवर मी घाट फक्त सरकारी जीपमधून, कड्या धरून उतरलो होतो. इथे प्रत्येक वळणाआधी, रस्ता सरळ असतानाच, वेग कमी व्हायचा. ब्रेकवरून पाय निघाला की मगच स्टेअरिंग फिरायचं. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका, आणि पुढची चाकं गाडीला अलगद ओढून वळणाबाहेर काढायची. घाटात हमखास ओकणारा आमचा जमादार मागे खुशाल गप्पा मारत होता.

ते डावं वळण आलं. बाईंचे हात जरा आवळले. एक क्षण वाटलं, आता ब्रेक दाबणार. दाबला नाही. गाडी आपल्या बाजूने सुरळीत बाहेर पडली.

"वळणात ब्रेक का नाही मारलात?" मी सहज विचारलं.

"छे! उतारावर, भर वळणात जोरात ब्रेक मारला तर पुढची चाकं अडकतात. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच..."

त्या थांबल्या. रस्ता रुंद दिसला तिथे त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

"नाना चालवत होते," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात जुन्या, मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीवर बसलेला. मी नको म्हटलं होतं. साहेब, लग्न होऊन आले तेव्हा घरातले सगळे नाही म्हणत असताना त्यांनी मला गाडी शिकवली. या वयात त्यांना कोर्टात उभं करू?"

मी इस्पितळात गेलो. नाना शुद्धीवर आले होते, पण सुनेचा जबाब त्यांना कोणी सांगितला नव्हता. मी सांगताच ते उठून बसले.

"ती चालवत होती? कोण म्हणालं? तिच्या हातात गाडी असती तर तो मुलगा पडलाच नसता! लिहा, फौजदार. गाडी माझ्या हातात होती."

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन त्यांनी आपणहून परत केलं. बाईंनी खोटी माहिती दिली होती, तेही मी अहवालात लिहिलं. त्यांना कोर्टाने समज देऊन सोडलं. तरुण काही महिन्यांनी चालू लागला. तोवर त्या दर रविवारी त्याच्या घरी जात होत्या.

चौकशीत आम्ही माणसाला बोलतं करतो. त्या प्रकरणानंतर मी माणसाला त्याचं नेहमीचं काम करायला लावून पाहू लागलो आणि त्याचा उपयोगही झाला. सासऱ्यांसाठी तुरुंगात जायची त्या बाईंची तयारी होती. पण गाडीत चार माणसं बसलेली असताना गाडी वाईट चालवणं काही त्यांना जमलं नाही.