बाबांनी निवडलेला स्कोप

माझे बाबा कोणाच्या बेडरूममध्ये डोकावत नव्हते.

ते टेरेसवर बसून रायफलीसाठी स्कोप निवडत होते. नुसता स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण. रायफल खाली घरात, कपाटात, कुलपात होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर समोरच्या विंगमधल्या काकांनी गुलाबाचा फोटो टाकला. खाली "देवमाणूस होते" आणि जोडलेले हात.

काका, हे तुम्ही म्हणताय?

आई म्हणतेय, "अगं, आजच्या दिवशी तरी तोंड वाजवू नकोस." आई, वर्षभर गप्पच होते ना गं. आता बोलणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रायफल आमच्या आजोबांची, अण्णांची. मुरबाडला शेती होती तेव्हा ते रानडुकरं मारायचे. शिकारबंदी आली आणि अण्णांनी ती तेलपाणी करून ठेवून दिली. त्यांच्यामागे रीतसर लायसन्स होऊन ती बाबांकडे आली.

बाबांनी त्या रायफलीने फक्त टार्गेटचे कागद फाडले, रायफल क्लबच्या रेंजवर. घरातलं झुरळ आई मारायची. बाबा खुर्चीवर पाय वर घेऊन विचारायचे, "गेलं का?"

असा आमचा शिकारी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पंचाईत झाली. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते ना, तिचा घोळ.
"चष्मा लावला की माशी दिसते, टार्गेट जातं. चष्मा काढला की टार्गेट दिसतं, माशी उडते!"

म्हणून स्कोप.

"एकदा अण्णांच्या रायफलीने नीट बघून नेम धरायचाय. मग ठेवून दिली तरी चालेल." एवढीच हौस होती हो त्या माणसाची.

घरात सगळेच एक्स्पर्ट झाले. माझा नवरा मोबाइल पुढे करून म्हणाला, "बाबा, हा मोठा घ्या, चंद्रावरचे खड्डे दिसतील."
"जावईबापू, मला चंद्र मारायचा नाहीये. जेवढा मोठा करून बघाल तेवढी हाताची थरथरही मोठी दिसते."

आणि एक अट. अण्णांच्या रायफलीला भोक पाडायचं नाही. स्कोप बसवायला ड्रिल लागणार असेल तर तो स्कोप बाद. कितीही भारी असू दे.

शेवटी ठाण्याच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन स्कोप घरी बघायला दिले. बाबांचं म्हणणं, "दुकानात ट्यूबलाइटखाली सगळेच चांगले दिसतात. खरं काय ते तिन्हीसांजेला कळतं."

म्हणून टेरेस. म्हणून संध्याकाळ. कठड्यावर उशी, बाजूला चहाचा थर्मास, आणि समोर लांब मोहने गावाच्या बाजूची जुनी पाण्याची टाकी.

मला हाका मारून वर बोलावलं. "महागातल्यातून टाकी नुसती काळी दिसते. ह्या साध्यातून बघ, शिडीच्या पायऱ्या सुट्या दिसतात!"
मी डोळा अगदी चिकटवला. काही दिसेना.
"अगं लांब धर! रायफलीवर असता तर गोळी सुटताना झटक्याने भुवई फुटली असती तुझी."

इतके खूश होते. लहान पोरासारखे.

तेवढ्यात काकांनी त्यांच्या खिडकीतून व्हिडिओ काढला.

आणि ग्रुपवर टाकला. "सिनियर सिटिझन टेरेसवर स्नायपर लावून बसतो. आपल्या लेडीज सेफ आहेत का?"

पंचवीस वर्षांचे शेजारी! बेल मारून विचारायचं, "काय हो, काय बघताय?" बाबांनी चहा पाजला असता, वर टाकीही दाखवली असती. पण नाही. ग्रुपवर टाकायचं, मग पोलिसात तक्रार करायची.

पोलीस आले. ते तरी बाबांशी नीट बोलले. "काका, चौकशी होईपर्यंत रायफल जमा करा." बाबांनी स्वतः रिक्षाने नेऊन जमा केली.

मग सोसायटीची मीटिंग. माझे बाबा उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्यामुळे कोणाला त्रास झाला असेल तर क्षमा करा."

क्षमा! कशाची? टाकीची शिडी बघितली त्याची?

एकही माणूस म्हणाला नाही, "अहो, बसा खाली." गणपतीत ह्याच लोकांच्या घरी बाबा आरतीला टाळ घेऊन जायचे.

त्यानंतर बाबा टेरेसवर गेले नाहीत. पापड वाळत घालायलासुद्धा आई एकटी जायची.

चौकशीत काही निघालं नाही. निघणार काय, डोंबल? पण रायफल परत मिळणार तोवर निवडणुकीची आचारसंहिता लागली. सगळ्यांचीच शस्त्रं जमा, तेव्हा बाबांचीही राहिली.

आणि त्यातच एका सकाळी बाबा गेले. हार्ट अटॅक.

रायफल पोलीस स्टेशनात, बाबांनी विकत घेतलेला तो साधा स्कोप कपाटात. तो एकदाही तिच्यावर चढला नाही. रायफल माझ्या नावावर व्हावी म्हणून मी अर्ज केलाय. क्लबमध्येही नाव घातलंय. हो, मी. हसायचं त्यांनी हसा.

काका, तुमचा गुलाब डिलीट करा. त्याऐवजी ग्रुपवर एवढंच लिहा, "त्यांच्या हातात बंदूक नव्हती, मी खोटं बोललो." जमेल?

हे मी टेरेसवरूनच लिहितेय. तीच उशी, तोच थर्मास. समोरच्या विंगची खिडकी आत्ता उघडली.

काढा काका, व्हिडिओ काढा. खाली माझं नाव लिहायला विसरू नका.

बाबा, अंधार पडत आलाय. स्कोप लांब धरलाय, तुम्ही सांगितलंत तसा.

पायऱ्या सुट्या दिसतायत.

नमस्कार करते, बाबा.