तिसावा चौकोन

आमच्या यांची सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. आधी कन्नड गावात, मग शहरातल्या छावणी भागात. निवृत्त झाल्यावर आम्ही पडेगावच्या घरी राहायला आलो. एकदा मी दुपारची वाकळ शिवत बसले होते, तर हे शेजारी येऊन बसले.

"नुसते तुकडे काय जोडतेस? छत्तीस चौकोन करू. प्रत्येकाची नक्षी वेगळी."

"अन् छत्तीस नक्ष्या काढणार कोण?"

"मग मी कशाला आहे?"

दुसऱ्याच दिवशी छावणीतल्या एका टेलरकडून हे पिशवीभर चिंध्या घेऊन आले. वहीत नक्ष्या काढल्या, पुठ्ठ्याचे फर्मे कापले. मकबऱ्याच्या जाळीतली चांदणी, सोंगट्यांचा पट, पिंपळपान. हळूहळू स्वतःही सुई धरायला शिकले. टाका घालताना जीभ दातात धरायचे, मला हसू यायचं. एकेका चौकोनाला आठ-दहा दिवस लागत. घाई कुणालाच नव्हती. वाकळ लेकीला द्यायची, एवढं ठरलेलं होतं.

एकोणतीस झाले आणि यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणंही जड झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस ते खिडकीकडे तोंड करून पडून असत. मग एका सकाळी म्हणाले, "कापड दे."

तिसावा चौकोन त्यांनी डाव्या हातानं केला. भिंगरीची नक्षी होती. निर्जीव उजव्या हाताखाली कापड दाबून धरायचे आणि डाव्यानं सुई ओढायचे. मी दोरा ओवून द्यायचे, तेवढंच. त्याला महिना लागला. शेवटची गाठ मारून झाली तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. "झाला," म्हणाले आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

चौकोन वाकडा झाला होता. भिंगरीची पाती मध्ये जुळत नव्हती, टाके लहानमोठे, एका कडेला कापड गोळा झालेलं. खरं सांगते, मला तो बघवत नव्हता. उद्या चार माणसं बघतील, मास्तरांचा हात असा झाला म्हणतील, असं मनात आलं. ते दुपारी झोपलेले असताना मी बसून तो सगळा उसवला आणि नीट शिवून, इस्त्री करून, बाकीच्यांवर ठेवून दिला.

संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी तो उचलला. टाक्यांवरून अंगठा फिरवला. उलटा करून मागची बाजू पाहिली.

"हा... माझा नाही."

"तुमचाच आहे. मी फक्त जरासा..."

त्यांनी चौकोन जागेवर ठेवला. "छान झालाय," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. वर्गात पोरांच्या चित्रावर त्यांनी उभ्या जन्मात कधी आपली पेन्सिल चालवली नाही. चूक दाखवायची तर वेगळ्या कागदावर काढून दाखवत. मला हे ठाऊक होतं. पोरांच्या चित्रांचे गठ्ठे माझ्याच घरात पडलेले असायचे.

त्यानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. मी दोरा ओवून पुढं केला की म्हणायचे, "हात दुखतो." दोनदा म्हटलं, "अहो, चुकलं माझं." त्यांनी मान हलवली, पण हात काही पुढं केला नाही. पाच महिन्यांनी दुसरा झटका आला आणि ते गेले.

राहिलेले सहा चौकोन मी एकटीनं केले. फर्मे त्यांनी आधीच कापून ठेवले होते, कडेला पेन्सिलीनं नंबर घातलेले. वर्ष लागलं. कधी कधी आठ-आठ दिवस पिशवीच उघडवायची नाही. छत्तिसाव्याची शेवटची गाठ मारली. झाला, असं कुणाला सांगायचं?

दिवाळीला लेक आली. आम्ही सगळे चौकोन फरशीवर मांडले.

"बाबांनी डाव्या हातानं केलेला कुठला गं?"

मी भिंगरी दाखवली. तिनं ती गालाला लावली, डोळे पुसले. मग टाके जवळ धरून बघत म्हणाली, "बघ ना आई, तसल्या हातानं किती सुबक केलंय. हा मधोमध लावायचा."

मी हो म्हणाले.