दसऱ्यानंतरचा धोबी

हिमालयापलीकडून निघालेला पांढरा धोबी पक्षी वाशीम जिल्ह्यात दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी उतरतो. दसरा सप्टेंबरच्या शेवटी येवो की ऑक्टोबरच्या, पक्षी चुकत नाही. अठरा वर्षांच्या नोंदींवर आधारलेलं हे माझ्या व्याख्यानाचं पहिलं वाक्य. व्याख्यान पुढच्या आठवड्यात, बशीरभाईंच्या स्मरणार्थ. शाल, श्रीफळ आणि तीन मान्यवर ठरले होते. राहिली होती फक्त यंदाची, एकोणिसावी नोंद.

घरचे घट उठल्यावर, नेहमीप्रमाणे, रविवारी सकाळी वाशीमहून शिरपूरची एसटी धरली. तिकीट काढताना सवयीने दोन बोटं वर झाली. कंडक्टरने शेजारच्या सीटवर ठेवलेल्या झोळीकडे पाहिलं.

"झोळीचं तिकीट नाई लागत, काका."

झोळीत दोन दुर्बिणी होत्या. त्यातली एक बशीरभाईंची. त्यांच्या सुनेने ती मला आणून दिली होती.

बशीरभाई बाजारात घड्याळं दुरुस्त करत. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावायचं आणि दुसरा पक्ष्यांसाठी राखून ठेवायचा, असं ते म्हणत. नियम त्यांचा होता आणि कडक होता : दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत. ते विचारणार, "दिखा?" मी म्हणणार, "दिखा." मगच पेन उघडायचं. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे अफवा. एकदा मी एकटा असताना कैकर (मासे पकडणारा मोठा शिकारी पक्षी) पाहिला. बशीरभाईंनी ती हकीकत चहा संपेपर्यंत ऐकली, कप खाली ठेवला आणि वही उघडलीच नाही. वैशाखात ते गेले. नियम मात्र मागे ठेवून गेले.

शिरपूरला सगळी बस जैन मंदिराच्या वाटेने निघून गेली. मी स्टँडवर एक आलुबोंडा खाल्ला. दुसरा प्लेटमध्ये तसाच राहिला. इथेही सवयीने दोन सांगितले होते.

तलावाची वाट धुऱ्यावरून (बांधावरून) जाते. सोयाबीन निघालेलं, शेतात गंज्या झाकून ठेवलेल्या, तूर छातीला लागलेली. तलावाच्या काठावर माझा पाय टोंगळ्यापर्यंत (गुडघ्यापर्यंत) चिखलात गेला आणि चप्पल आतच राहिली. दरवर्षी तो जातो. दरवर्षी एक हात पुढे येत असे. या वेळी मी बसून, दोन्ही हातांनी स्वतःला बाहेर काढलं आणि चप्पल शोधली.

अर्धा तलाव शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला होता. अनुसयाबाई काठावर बसली होती. तिचं भोयाचं घर. तलावातला शिंगाडा त्यांचाच. नवरा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडतो आणि ही जांभळ्या पाणकोंबड्या उडवायला डबा वाजवते. पाणकोंबड्यांना शिंगाडा आवडतो आणि मला पाणकोंबड्या आवडतात, त्यामुळे आमचे संबंध बेताचेच होते.

मी दोन तास बसलो. कमळपक्षी पानांवरून चालत होते. धोबी नव्हता. पाणकोंबड्या आल्या की डबा वाजे आणि सगळंच उडून जाई.

"एकटेच काहून आले मास्तर?" तिने विचारलं. "चाचा कुठी हायेत?"

"चाचा गेले. उन्हाळ्यात."

पाणकोंबड्या पुन्हा पानांवर उतरल्या, शिंगाडे फोडू लागल्या. डबा वाजला नाही.

"अवं, झोपली का काय?" तलावातून नवरा ओरडला.

"खाऊ द्या आज!" तिनेही ओरडून सांगितलं.

मग मी भीत भीत विचारलं. एक पक्षी माझ्याबरोबर पाहशील का? दुसरा माणूस लागतो. बशीरभाईंची दुर्बीण मी तिच्यापुढे धरली.

"कोणता?"

"धोबी. पांढरा, काळा, शेपूट वरखाली करणारा."

"हा?" तिने हनुवटीने दाखवलं. तिच्या टोपलीमागे, चार हातांवर, धोबी शेपूट हलवत किडे टिपत होता. "याले पाह्यले दुर्बीण कायले लागते? घट बसले तवापासून माह्या पायाशी फिरून राह्यला."

"दसऱ्याच्या आधीपासून?"

"दरसाली तवाच येते. चाचाले मालूम होतं. नवरात्रात एकटेच येत, पाहून जात. म्या म्हटलं, मास्तरले काहून नाई आणलं? तं म्हणे, त्याच्या घरी घट बसले, दिवा सोडून वेशीबाहेर येत नाई तो. दसरा झाला का दोघं येऊ. तवालोक त्याले सांगू नोको."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. चार हातांवरचा पक्षी दुर्बिणीतून दिसत नाही, पण थोडा वेळ ती तिथेच राहू दिली.

"दिखा?" मी विचारलं.

"दिसते न. आंधळी हावो का मी?"

पेन उघडलं. मी निघताना तिने उकडलेले शिंगाडे दिले, दोघांना पुरतील एवढे.

परतीच्या एसटीत मी एकच तिकीट काढलं आणि वही चाळली. अठरा वर्षं बशीरभाईंनी नवरात्रात एकट्याने पाहिलेला धोबी त्यांच्याच नियमाने अफवा ठरत होता. मी आलो की ते पुन्हा विचारत, "दिखा?", आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा चेहरा करत. वहीतल्या सगळ्या तारखा माझ्या घरचे घट उठल्यानंतरच्या रविवारच्या होत्या. पक्ष्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

हे व्याख्यानात सांगावं लागेल. निमंत्रणपत्रिका शुक्रवारीच वाटून झाल्या आहेत. विषय : 'पंचांग पाळणारा पक्षी'.