साथीतला फुटबॉल आणि सतीश

मेधाचा फोन आला तेव्हा मी ब्रेडा शहरातल्या माझ्या घरी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होतो. "सतीश गेला," एवढंच ती म्हणाली. तो व्हेंटिलेटरवर होता, तेव्हा मनाची तयारी असणारच, असं नंतर बरेच जण म्हणाले. तशी ती नसते. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, बाकीच्यांनी तो स्क्रीनवर पाहिला. संपल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि तिथेच बसून राहिलो...

सतीश माझा पुण्यातला कॉलेजचा मित्र, मेधा त्याची बायको. पुढे दोघंही नेदरलँड्सला आलो. तो एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधनाला लागला, मी इकडे दक्षिणेत नोकरीला. चार माणसं जमली की तो आजोबांच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोष्ट सांगायचा. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात त्या टीमने भर पावसाळ्यात एकामागून एक सामने जिंकले होते. आजोबा गोलकीपर. अंतिम सामना ठरला आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली. कॉलेज बंद झालं, वसतिगृहातली मुलं गावी गेली. कप्तान मात्र आजारी मित्रांचं करायला मागे राहिला, आणि त्यातच गेला. कॉलेज पुन्हा उघडल्यावर दोन्ही टीम मैदानावर आल्या, तर दोन्हीकडची मुलं मिळून जेमतेम एक टीम होत होती. मग ती सगळी एकत्रच खेळली, अंधार पडेपर्यंत. जिंकलं कोण, असं कुणी विचारलं की सतीश खुशीत सांगायचा की गोल कुणी मोजलेच नाहीत.

पहिल्या लॉकडाउनमध्ये पुण्याला त्याची आई गेली. विमानं बंद होती. त्याने सगळं फोनवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी बसून विद्यार्थ्यांना शिकवलं. त्यानंतर ती गोष्ट मी त्याच्या तोंडून ऐकली नाही. त्याची मुलगी इरा तिथल्या क्लबात फुटबॉल खेळते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. तेव्हा सामने रद्द झाले होते, नुसता सराव चालायचा, आईवडिलांनी कुंपणाबाहेर थांबायचं. सामनेच नाहीत तर जायचं कशाला, असं म्हणून तिने क्लब सोडायचं ठरवलं. सायकलवरून घरी येताना सतीशने तिला आजोबांची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, कप्तान मेला होता ना, मग त्यांना खेळावंसं वाटलं तरी कसं?

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "अरे, आयुष्यभर मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ती मुलं किती थकली असतील, हे कधी डोक्यातच आलं नाही." मग तिला काय सांगितलंस, असं मी विचारलं.

"म्हटलं, खेळावंसं नसेलच वाटलं. घरी एकटं बसवत नसेल, म्हणून आले असतील."

इरा सरावाला जात राहिली. तिला पटलं म्हणून की बापाकडे बघून, कोण जाणे. हिवाळ्यात सतीश आजारी पडला. हॉस्पिटलमधून त्याने एकदा फोन केला, पण खोकल्यामुळे बोलणं होईना. तूच बोल, मी ऐकतो, म्हणाला. मी ऑफिसचं, पावसाचं, काहीबाही बोलत राहिलो. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

परवा एनस्खेडेला जाऊन आलो. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं, आत बोचरी थंडी. घरून काम सुरू झाल्यापासून सतीश सकाळचा चहा त्या दारात उभा राहून घ्यायचा, असं मेधाने सांगितलं. आता ती रोज दार उघडते आणि मग ते लावायचा तिला धीर होत नाही. मी ओव्हरकोट न काढता चहा घेतला. थोड्या वेळाने इरा वरून खाली आली, स्वेटरवर जॅकेट घातलेली. दाराकडे न बघता ती आमच्यात येऊन बसली.